मल्लेशम अण्णांचं महायंत्र

मल्लेशम अण्णांसमोर हसायची चोरी आहे. तुम्ही सकाळी दूध आणायला निघालात, समोरून अण्णा आले आणि तुम्ही ओळखीचं हसलात, की ते जागीच थांबतात, तळहात आडवा धरतात आणि कळकळीनं सांगतात, "हसू नका सर. तिकडं हसत न्हाईत. आत्तापासनं सवय मोडा."

'तिकडं' म्हणजे भविष्यकाळात. आपण 'तिकडं कुर्डुवाडीला' म्हणतो तितक्या सहज अण्णा भविष्याला 'तिकडं' म्हणतात. जणू कालच्या गाडीनं जाऊन आलेत. तिकडं झाडं काचेच्या पेटीत असतात. तिकडं पोराचं बारसं होत नाही, नंबर मिळतो. तिकडं सासू-सून भांडत नाहीत, कारण भांडायला आधी अर्ज करावा लागतो आणि तो मंजूर होईपर्यंत राग निघून गेलेला असतो. हे ऐकून मी एकदा म्हणालो, "अण्णा, मग तिकडं बरंच आहे की."

ते खिन्न होऊन म्हणाले, "तेच तर वाईट हाय सर. भांडण संपलं म्हंजे माणूस संपला."

अण्णा सिनेमे काढतात. मोबाईलवर. प्रेमाचे नाहीत, गावरान विनोदाचे नाहीत. समाज पार बिघडून गेल्यावर माणसाचं काय होईल, याचे. सगळ्या सिनेमांचं नाव एकच आहे, 'मानवाचे पुढे काय?' फक्त भाग बदलतो.

मी त्यांच्या माडीवर भाड्यानं राहतो. मूळचा सांगोल्याकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातला. आमच्यात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. शिकायला म्हणून सोलापुरात आलो तो पूर्व भागातल्या या तेलुगू विणकरांच्या गल्लीत येऊन पडलो आणि इथलाच झालो. आता एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. त्यामुळं मी वयानं लहान असूनही अण्णा मला 'सर' म्हणतात आणि त्यांच्या सिनेमांतलं तत्त्वज्ञान शुद्ध करून देण्याचं काम माझ्याकडं असतं. "विचार माजा, वेलांट्या तुमच्या," अशी आमची वाटणी आहे.

अण्णांचा जन्म मागांच्या आवाजात गेला. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ते जॉबर होते. जॉबर म्हणजे माग अडला की त्याच्या पोटात हात घालून तो पुन्हा चालू करणारा माणूस. टॉवेलांचे माग चालू असले की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. तिथली माणसं हाताच्या खुणांनीच बोलतात. चहा आला, मालक आला, धागा तुटला, घरून निरोप आला, प्रत्येकाला खूण आहे. आमच्या गल्लीतल्या बारक्या पोरांनासुद्धा या खुणा येतात, कारण बाप घरी आला तरी हात थांबत नाहीत.

तर त्या खडखडाटात, माग नीट चालू असले की अण्णा मोबाईलवर परदेशी सिनेमे बघत. भविष्याचे, यंत्रांचे, उजाड शहरांचे. भाषा कळायची नाही, आणि कळली असती तरी ऐकू आली नसती. मग पडद्यावरची माणसं काय बोलत असतील ते अण्णा स्वतःच ठरवत. कित्येक वर्षं असे सिनेमे बघून त्यांच्या डोक्यात एक अख्खं तत्त्वज्ञान तयार झालं. ते निवृत्त झाल्यावर मी त्यांना त्यातलाच एक सिनेमा हिंदी आवाजात दाखवला. अण्णा मान खाली घालून शेवटपर्यंत बसले. मग म्हणाले, "ती माणसं लई सादं बोलतेत की ओ सर. मी त्येंच्या वतीनं किती चांगलं बोललो होतो!"

त्याच आठवड्यात त्यांनी स्वतःचा सिनेमा काढायचं ठरवलं.

सिनेमा काढायला सोलापूरसारखी जागा नाही, असं अण्णांचं ठाम मत आहे. "जग जळून गेल्यावरचं दाखवायचं तर लोक लाखानं पैसा घालतेत. आपन मे महिन्यात दुपारी एमआयडीसीच्या रस्त्यावर हुबं ऱ्हायचं." तिकडच्या माणसांचं जेवण म्हणून कडक भाकरी. ती महिनोन्‌महिने टिकते आणि मोडताना आवाजही यंत्रासारखा येतो. तिकडच्या नागरिकांचा गणवेश म्हणून डाग पडलेले, बाजूला काढलेले टॉवेल. ते रफीकभाई शिवतात. रफीकभाई कोपऱ्यावरचे शिंपी. गणवेश शिवायच्या बदल्यात त्यांनी नायकाची भूमिका मागून घेतली आहे. प्रत्येक भागात ते बंडखोर असतात आणि प्रत्येक भागात शेवटी मरतात.

अडचण फक्त माणसांची. सोलापूरच्या माणसाला क्रूर समाजात राहताच येत नाही. एका प्रसंगात रफीकभाई रस्त्यात कोसळतात आणि शेकडो नागरिक त्यांच्याकडं न बघता निघून जातात, असं दाखवायचं होतं. शेकडो माणसं कुठून आणणार? म्हणून अण्णांनी पाळी सुटायच्या वेळी कारखान्यांच्या रस्त्यावर मोबाईल लपवून ठेवला. रफीकभाई टॉवेल गुंडाळून धाडकन पडले. त्याबरोबर पाच-सहा सायकली आडव्या झाल्या. कुणी डोकं मांडीवर घेतलं, कुणी पाणी मारलं, एकानं चप्पल हुंगवली, दुसऱ्यानं डब्यातला कांदा बुक्कीनं फोडून नाकाला लावला.

"ओ, सोडा त्याला! त्यो मरतोय, मरू द्या!" असं ओरडत अण्णा पळत आले.

"काय माणूस हाय का कोण?" म्हणून लोकांनी अण्णांनाच धरलं. जागा बदलून पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तर रिक्षा आली आणि रफीकभाईंना घेऊन दवाखान्याकडं निघूनही गेली. अण्णा कपाळाला हात लावून म्हणाले, "हितली माणसं भविष्याला तयारच न्हाईत, सर."

प्रेक्षकांचंही तसंच. पहिला भाग आमच्या गच्चीवर चादर बांधून दाखवला. त्यात एक भीषण प्रसंग होता. निवेदन माझंच होतं, 'आणि त्या निर्दय नगरात पाणी तिसऱ्या दिवशी येत असे.' गच्चीवर हळहळ व्हायला हवी होती. तर मागून एक बाई म्हणाली, "तिसऱ्या दिवशी? नशीबवान हायत की!" आणि बायकांमध्ये आपल्याकडं नळ कधी येऊन गेला याची अशी चर्चा पेटली, की पुढचं सगळं तत्त्वज्ञान वाहून गेलं. अण्णांनी दुसऱ्या दिवशी माझ्याकडून 'तिसऱ्या'चं 'पंधराव्या' करून घेतलं.

तिकडच्या जगावर राज्य करतं महायंत्र. एमआयडीसीतल्या एका बंद पडलेल्या शेडमध्ये चादरीवर नक्षी विणणारा जुना जकार्ड माग धूळ खात उभा आहे. वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ, खाली हजार दोऱ्या. अण्णांनी त्याला लाल दिवे लावले, भोंगा जोडला आणि सगळ्यांचा मिळून एक मोठा खटका बसवला. खटका खाली ओढला की दिवे आणि भोंगा खरोखर बंद होतात. जॉबर माणूस, खोटं चालत नाही. हे महायंत्र भोंग्यातून आज्ञा सोडतं आणि नागरिक थरथर कापत ऐकतात.

तो आवाज अम्मांचा. सत्यम्मा, म्हणजे अण्णांच्या पत्नी. गल्ली त्यांना अम्मा म्हणते. विड्या वळता वळता अख्ख्या गल्लीचा कारभार बघणारी ही बाई. नळाला पाणी आलं की त्या दारातूनच "नळ आला गंऽऽ" म्हणून हाक द्यायच्या आणि गल्लीच्या दोन्ही टोकांच्या घागरी खणखणायला लागायच्या. मी त्याच हाकेवर उठून अभ्यासाला बसायचो. माझ्या पदवीच्या कागदावर विद्यापीठाचा शिक्का असला, तरी मला उठवलं अम्मांनी, हे मी कुणालाही सांगतो. त्या हाकेनंतर आणखी एक हाक खास माझ्यासाठी असायची, "ए वरचं पोरगं, उठलास का पाणी वतू?"

पहिल्या भागाच्या वेळी आवाज घुमू नये म्हणून अण्णांनी त्यांना टॉवेलांच्या गठ्ठ्यांमध्ये बसवलं आणि मी लिहिलेल्या आज्ञा वाचायला दिल्या. 'नागरिकांनो, रांग सोडू नका. ज्याला काल स्वप्न पडले असेल त्याने ते खिडकीपाशी जमा करावे.' अम्मांना हे काम इतकं आवडलं, की कागद संपला तरी त्या थांबेनात. मनानंच आज्ञा सोडायला लागल्या. "आनि कोपऱ्यावर खरकटं कोण टाकतंय ते मला म्हाईत हाय. उद्यापासनं दिसलं तर बघा." हे वाक्य अण्णांनी सिनेमात तसंच ठेवलं. पाण्याच्या प्रसंगाला बायका बोलत राहिल्या खऱ्या, पण हे वाक्य भोंग्यातून आलं तेव्हा गच्ची एकदम चिडीचूप झाली. कोपऱ्यावरचं खरकटं दुसऱ्या दिवसापासून बंद झालं.

दुसऱ्या भागाची तयारी चालू असताना अम्मांना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय बऱ्यापैकी सावरले. पाऊल थोडं ओढतात, पण चालतात. बोलणं मात्र परत आलं नाही. अण्णांना त्याची अडचण फारशी पडली नाही असं आम्हाला वाटायचं. आयुष्यभर हातांच्या खुणांवर काम केलेला माणूस. अम्मांनी दोन बोटं वळवली की अण्णा उठून चहा टाकतात, आणि मनगट झटकलं की चहात साखर कमी पडलेली असते.

सिनेमे चालूच राहिले. महायंत्राचा आवाजही तोच राहिला, कारण अम्मांनी पहिल्या वेळी कितीतरी जास्तीचं बोलून ठेवलं होतं. अण्णा त्यातलं एकेक वाक्य काढत आणि त्याच्याभोवती गोष्ट रचत. आधी वाक्य, मग समाज. पुढं पुढं आज्ञा संपल्या आणि मधेच चुकून टिपलेलं बोलणं उरलं. चौथ्या भागात बंडखोर यंत्रापुढं उभा राहून विचारतो, "हे महायंत्रा, मानवाचे भवितव्य काय?" आणि भोंग्यातून उत्तर येतं, "गॅस बंद केला का बघा."

मी यावर आमच्या कॉलेजच्या वार्षिकात लेख लिहिला. त्यात या वाक्याला 'ऊर्जेच्या अंताविषयीचा गूढ इशारा' म्हटलं होतं. लेखाचा मुख्य मुद्दा असा होता, की अण्णांच्या एकाही सिनेमात महायंत्र कधीच बंद पडत नाही. बंडखोर खटक्यापर्यंत पोहोचतो आणि मरतो. यातून दिग्दर्शकाला सत्तेचं अविनाशी रूप दाखवायचं आहे, वगैरे. अण्णांनी लेख चष्मा लावून सावकाश वाचला. "लई खोल हाय सर," ते म्हणाले. "मला तर हे म्हाईतच न्हवतं."

मग पुण्याहून फोन आला. तिथल्या एका लघुपट महोत्सवाला मी सगळे भाग पाठवले होते. आयोजकांना ते टॉवेल, ती भाकरी, तो जकार्ड फारच आवडला होता. नवा भाग काढा, आम्ही तो खऱ्या थिएटरात दाखवू, म्हणाले. फक्त एक करा. शेवटी ते यंत्र बंद पडू द्या. प्रेक्षकाला थोडी आशा हवी.

खरं थिएटर! अण्णांचं सगळं आयुष्य हातात मावेल एवढ्या पडद्यावर गेलेलं. गल्लीत पेढे वाटले गेले. रफीकभाई तर नाचायचेच बाकी होते. "अण्णा, हर पिच्चर में मैंच मरता. अब की बार बटन दबाने देव! मेरे पोट्टे भी पूछते, अब्बा तुम जीतते कब?"

अण्णांनी आपला पेढा तसाच खिशात टाकला. आनंद झालेला माणूस तिकडच्या नियमानं हसत नाही, असं आम्ही धरून चाललो.

सुट्टीच्या दिवशी सकाळी शेडमध्ये शेवटचा प्रसंग लावला. अम्मा सगळ्यांचा डबा घेऊन आल्या होत्या आणि एका मोडक्या खुर्चीवर बसून बघत होत्या. दिवे लागले. भोंग्यातून अम्मांचा आवाज सुरू झाला. रफीकभाई टॉवेल सावरत धावले, खटक्याला हात घातला, आणि अण्णा ओरडले, "कट! तोंडावर विचार दिसला न्हाई."

पुन्हा. "कट! टॉवेल घसरला."

पुन्हा. "कट! उजेड हलला."

"उजेड कैसा हलेगा अण्णा? शेड है ये!" रफीकभाई वैतागले. "तुम्हारे दिल में क्या है, वो बोलो!"

अण्णा मोबाईल ठेवून सूत गुंडाळायच्या रिकाम्या बीमवर जाऊन बसले. मी जवळ गेलो. मला वाटलं, त्यांना तत्त्वज्ञानाची अडचण आली आहे. मी समजावायला लागलो, की अण्णा, यंत्र पडलं तरी सत्तेचा विचार उरतोच, आपण निवेदनात तसं घालू.

"तसलं काय न्हाई ओ सर," ते खाली बघत म्हणाले. "खटका वडला की ती गप होती. एकदा झालीय ती गप. आता परत माज्या हातानं गप करू व्हय?"

माझ्या लेखातला एकही शब्द मला त्या वेळी उपयोगी पडला नाही. रफीकभाईंनी टॉवेलानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "रहने देव अण्णा. मैं मरताऊँ. आदत है मेरे कू."

शेडमध्ये मागांचा खडखडाट नव्हता, त्यामुळं अण्णांचं बोलणं अम्मांनाही ऐकू गेलं होतं. त्या उठल्या. त्यांनी अण्णांकडं बघून मूठ गोल फिरवली. मागावर ही खूण म्हणजे 'चालू कर'. अण्णांनी नाही म्हणून मान हलवली. अम्मांनी पुन्हा मूठ फिरवली, या वेळी भुवया वर करून. अण्णा उठले आणि मोबाईल हातात घेतला. त्या खुणेला नाही म्हणायची त्यांची टाप नव्हती.

दिवे लागले. भोंगा बोलायला लागला, "नागरिकांनो, आपापल्या जागी..." अम्मा आपल्या रोजच्या साडीत, पाऊल ओढत महायंत्राकडं निघाल्या. वाटेत त्यांनी रफीकभाईंना हातानं बाजूला केलं. खटक्यापाशी उभं राहून स्वतःचा आवाज थोडा वेळ ऐकला. जरा मान डोलावली, बरं बोलत होते की मी, अशी. मग डाव्या हातानं खटका खाली ओढला.

वाक्य मधेच तुटलं. दिवे विझले. पत्र्यातून येणाऱ्या उन्हात नुसती धूळ दिसत होती.

आम्ही सगळे खांबासारखे उभे. अण्णा 'कट' म्हणाले नाहीत. अम्मांनी वळून आमच्याकडं बघितलं, एकेकाच्या चेहऱ्याकडं, आणि वैतागून कपाळाला हात लावला. मग डबा उघडला. तळहात दोनदा खाली दाबला आणि बोटं तोंडाशी नेली. बसा, जेवून घ्या. रफीकभाई बसले. टॉवेल गुंडाळलेले नागरिक बसले. मी बसलो. अम्मा कडक भाकरी मोडून एकेकाच्या हातात देत राहिल्या, चटणीला कोण नको म्हणतं त्याच्याकडं डोळे वटारत राहिल्या. अण्णा उभे राहून हे सगळं टिपत होते, आणि भाकरी संपेपर्यंत टिपत राहिले.

पुण्याच्या लोकांना ते फार आवडलं. खटका पडतो तिथं अंगावर काटा येतो, म्हणाले. फक्त त्यानंतर पुष्कळ लांबलंय. बाई डबा उघडते तिथं कापा.

अण्णांनी माझ्या हातातून फोन घेतला. "तितं कसं कापायचं ओ साहेब?" ते शांतपणे म्हणाले. "तितंच तर ती बोलाय लागती."

आयोजकांनी दोनदा समजावलं. मीही एकदा समजावून पाहिलं. अण्णा ऐकेनात. थिएटर गेलं ते गेलं.

मग हा भागही संध्याकाळी आमच्या गच्चीवरच दाखवला. आजवर झाली नव्हती एवढी गर्दी झाली. जिन्यापर्यंत माणसं उभी होती. पडद्यावर अम्मांनी खटका ओढला, आवाज तुटला आणि गच्चीवर कुणी हललं नाही. अण्णा प्रोजेक्टरजवळ उभे होते. त्यांनी पडद्याकडं बघायचं सोडून शेजारी खुर्चीत बसलेल्या अम्मांकडं बघितलं. अम्मा पडद्याकडं बघत होत्या.

तेवढ्यात पडद्यावरच्या अम्मांनी तळहात दोनदा खाली दाबला. आणि जिन्यापासून कठड्यापर्यंत उभी असलेली सगळी गल्ली, एक शब्द न बोलता, खाली बसली. शेवटी अण्णाही बसले.